सरसकट कपात

मळमड्डी, धारवाड
९ जानेवारी

चि. सुधींद्र,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आज ते मनातून येत नाहीत.

आठवडाभर फोन करते आहे. घेतलास तर ‘मीटिंगमध्ये आहे, अक्का’ म्हणून ठेवतोस. म्हणून कागद. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

नवनगरच्या डायलिसिस केंद्राच्या काचेवर नोटीस लागली आहे. अनुदानात कपात झाल्यामुळे रुग्णांना आठवड्यातून तीनऐवजी दोनच पाळ्या मिळतील, सहकार्य करावे. सहकार्य कुणी करायचं? किडन्यांनी? खाली ज्या परिपत्रकाचा हवाला दिलाय, ते मी मागवून घेतलं. अर्थखात्याचं आहे. सही माझ्या धाकट्या भावाची.

ओळखीच्या एकाला सोबत म्हणून मी तिथे जाते, त्यामुळे सगळं बघते. एक निवृत्त कंडक्टर येतात, चपला हातात घेऊन. पायांवर इतकी सूज की चपलेत पाय जात नाही. मथुरा म्हणून कॉलेजची मुलगी आहे, ती तहान भागवायला बर्फाचा खडा चोखत बसते, कारण दोन पाळ्यांमधले दिवस वाढले आणि अंगात जाणारा पाण्याचा घोट न् घोट आता मोजावा लागतो. मशीनं धड आहेत. ती चालवणारी माणसं आहेत. टेक्निशियनला विचारलं तर म्हणाला, “ताई, आमच्या कंपनीला बेंगळुराहून चौथा हप्ता कमी आलाय. आम्ही काय करणार?”

बेंगळुरात कोण बसतं ते मी त्याला सांगितलं नाही. लाज वाटली.

हे चुकून झालं असेल तर दुरुस्त कर. मुद्दाम केलं असशील तर तसं लिही.

हेमावती


बेंगळुरू
१५ जानेवारी

ती. अक्कास, सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पुढचं घरी पाठव.

चुकून झालेलं नाही. आणि तुला वाटतं तसं मुद्दामही नाही. मार्चमध्ये आम्ही वर्षभराचं उत्पन्न धरतो. त्यावर खर्च ठरतो. यंदा जमिनी-घरांची खरेदी थंडावली, मुद्रांक शुल्क आटलं. दिल्लीहून येणारा वाटा कमी आला आणि उशिरा आला. पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज यांना हात लावता येत नाही. जे उरतं त्यालाच कात्री लागते. चाळीस टक्के, सरसकट.

सरसकट का, तेही सांगतो. एकदा निवड करायला बसलं की ज्याची ओळख मोठी त्याचं वाचतं. मी हे तीस वर्षं पाहिलंय. आमदाराच्या गावचा पूल वाचतो, आश्रमशाळेतलं दूध जातं. सगळ्यांना सारखी कात्री हाच त्यातल्या त्यात न्याय आहे. एका माणसाच्या चेहऱ्याकडे बघून राज्याचं अंदाजपत्रक करता येत नाही, अक्का.

राखीव निधी का वापरत नाही असं तू विचारशीलच. राखीव काही नाही.

तुझ्या त्या ओळखीच्या माणसाचं नाव कळव. हुबळीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात माझ्या माहितीचे डॉक्टर आहेत. त्याची तिसरी पाळी तिथे करून देतो. तू दगदग करू नकोस, वय बघ.

सुधींद्र


मळमड्डी
२१ जानेवारी

चि. सुधींद्र,

नाव कळव म्हणतोस. नाही कळवणार.

एकाच पत्रात वर लिहितोस की ओळखीने निवड करणं हा अन्याय, आणि खाली लिहितोस की तुझी ओळख असेल तर सांग, सोय करतो. पत्र टाकण्याआधी एकदा वाचून बघत जा. एवढं तरी मी तुला शिकवलं होतं.

आता तुझा न्याय. हे डायलिसिस तुमच्या अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली आहे, मी शोधलं. ‘इतर कंत्राटी सेवा’. त्याच शीर्षाखाली सरकारी बंगल्यांच्या बागा आहेत आणि समारंभांचे मंडप आहेत. मंडपात चाळीस टक्के कपात झाली तर कनात आखूड होते. बागेत झाली तर हिरवळ पिवळी पडते. माणसाचं रक्त धुण्यात झाली तर काय होतं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं? सारखी कात्री म्हणे! कापड आणि कातडी यांना सारखी कात्री लावणाऱ्याला आपल्याकडे न्यायी म्हणत नाहीत.

आणि ‘राखीव काही नाही’. नसणं वेगळं आणि उरलेलं नसणं वेगळं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरात बसून तूच सांगत होतास, अक्का, पहिल्यांदाच चांगल्या वर्षातलं थोडं वाईट वर्षासाठी बाजूला काढतोय. किती खूश होतास. ते कुठे गेलं?

तू मला सांगणार नाहीस, म्हणून कोर्टात विचारते. रुग्णांच्या संघातर्फे इथल्या खंडपीठात याचिका दाखल होते आहे. मी वकिली सोडून काही वर्षं झाली आणि समोर तू, त्यामुळे मी उभी राहणार नाही. माझी जुनी ज्युनियर श्रीलक्ष्मी उभी राहील. रुग्णांची नावं दिलेली नाहीत, नुसते क्रमांक दिलेत. तुम्हाला क्रमांकच कळतात.

हेमावती


बेंगळुरू
२८ जानेवारी

अक्का,

नोटीस मिळाली. खात्यात सगळ्यांना कळलं आहे की याचिकेमागे माझी बहीण आहे. काल लिफ्टमध्ये दोघेजण बोलता बोलता गप्प झाले. तुला बरं वाटलं असेल.

सरकारतर्फे प्रतिज्ञापत्र कोण करणार, ठाऊक आहे? मीच. अंदाजपत्रकाचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे शपथेवर तुझ्याविरुद्ध मीच. हे तुला याचिका लिहिताना माहीत होतं. तरी लिहिलीस.

राखीव निधी कुठे गेला म्हणतेस. ऐक. तो निधी उभारायचा प्रस्ताव माझा होता. दोन वर्षं भांडून भांडून पैसे टाकायला लावले. चांगल्या वर्षात पैसे बाजूला ठेवा म्हणणारा माणूस घरातसुद्धा कुणाला आवडत नाही, सरकारात तर विचारूच नकोस. तिसऱ्या वर्षी नव्या घोषणा आल्या आणि निधी उपसला. मी ‘नको’ लिहिलं. वरून ‘होय’ आलं. यंदा उत्पन्नाचा आकडा आम्ही खाली धरला होता. तोही वरून वाढवून आला, कारण खर्च आधीच जाहीर झाले होते आणि आकड्याला त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं. आता बोल. माझा राग तुझ्यापेक्षा जुना आहे, अक्का. फक्त मला तो दाखवायला काचेवरची नोटीस नाही.

मागे घे ही याचिका. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होईल, मी पहिल्या आठवड्यात पैसे सोडतो. दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

सुधींद्र


मळमड्डी
३ फेब्रुवारी

सुधींद्र,

तुझा राग जुना आहे म्हणतोस. मग तो इतकी वर्षं फायलीत घालून का ठेवलास?

याचिका मागे घेणार नाही. दोन महिने तुमच्यासाठी दोन महिने आहेत.

निकाल लागेपर्यंत तू मला लिहू नकोस, मी तुला लिहिणार नाही. तेच दोघांना शोभेल.

हेमावती


मळमड्डी
२० फेब्रुवारी

सुधींद्र,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहावं लागतंय.

विठ्ठल गेला. विठ्ठल साळुंखे. काल पहाटे. पाळी उद्याची होती. फुप्फुसात पाणी भरलं. त्याची शांता आणि मी त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेत होतो. वाटेतच.

याचिकेतला रुग्ण क्रमांक सात तो होता.

हेमावती


बेंगळुरू
२३ फेब्रुवारी

अक्का,

पत्र तीनदा वाचलं. तरी कळत नाही की हे तू केलंस कसं.

विठ्या? मला केळगेरीच्या तळ्यात पोहायला शिकवणारा विठ्या? बाबा गेले तेव्हा पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान महिनाभर बंद ठेवून आपल्या घरी राहिलेला विठ्या? तो त्या केंद्रात जात होता, तू त्याच्यासोबत जात होतीस, आणि मला लिहिलंस ‘ओळखीच्या एकाला’!

मी विचारलं होतं. नाव कळव, असं स्पष्ट लिहिलं होतं. एका फोनचं काम होतं. हुबळीत त्याची तिसरी पाळी झाली असती. तो आज जिवंत असता. हे तू समजून घे: तो जिवंत असता. तुला कोर्टात जिंकायचं होतं, म्हणून तू त्याला क्रमांक केलंस. आणि मी बारा फेब्रुवारीला शपथेवर सही केली की कपातीमुळे कुणाच्याही जिवाला धोका निर्माण झाल्याचे निदर्शनास आलेले नाही. निदर्शनास! तू येऊ दिलं नाहीस, अक्का.

शांतावहिनींना मी काय तोंड दाखवू?

मी तुला माफ करेन असं वाटत नाही.

सुधींद्र


मळमड्डी
२ मार्च

सुधींद्र,

माफी मी मागितलेली नाही.

तरी काय झालं ते तुला सांगायला हवं, म्हणून सांगते. तुझं जानेवारीतलं पत्र आलं, त्या संध्याकाळी मी ते घेऊन विठ्ठलकडे गेले. नाव कळव म्हणून लिहिलंस ती ओळ त्याला वाचून दाखवली. मी म्हटलं, “विठ्ठल, कळवू का? तो करेल रे.”

तो अंथरुणावर बसून मुरमुरे खात होता. हसला. म्हणाला, “करेल ना. सुध्या करेलच. मला हुबळीला बसवेल आणि रात्री शांत झोपेल. मग त्या मथुराचं काय? त्या कंडक्टरचं काय?”

मी म्हटलं, “आधी तुझं बघ.”

“अक्का,” तो म्हणाला, “त्याला माझं नाव कळलं की त्याच्या दृष्टीनं काम झालं. नाव कळवू नका. शपथ घ्या.”

शांता तिथेच उभी होती. ती ओरडली त्याच्यावर. इतकी ओरडली की शेजारचे बाहेर आले. दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. माझ्याशी अजूनही नीट बोलत नाही. मी घेतली शपथ. चूक केली की बरोबर, हे मी रोज रात्री स्वतःला विचारते. तू मला ते शिकवायची गरज नाही.

पण तुझं पत्र पुन्हा वाच. तुझ्या पत्रात विठ्ठल मेला म्हणून आक्रोश आहे, आणि तो योग्यच आहे. त्याच्या आधी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कलघटगीकडची एक बाई गेली. रुग्ण क्रमांक तीन. श्रीलक्ष्मीने ते कोर्टात दाखल केलं, त्याची प्रत तुमच्या खात्यात पोचल्याची पावती आमच्याकडे आहे. ते तुझ्या निदर्शनास आलं नाही? तिने तुला पोहायला शिकवलं नव्हतं, म्हणून?

कोर्टाने आता खात्याला सरळ प्रश्न केलाय: राखीव निधी होता का, कुठे गेला, आणि उत्पन्न घटणार हे आधी माहीत होतं का. उत्तर तू देणार आहेस. काय द्यावंस हे मी सांगत नाही.

हेमावती


बेंगळुरू
१४ मार्च

अक्का,

क्रमांक तीनचा कागद माझ्या टेबलावर आला होता. मी तो वाचला नव्हता. इतर जोडपत्रांबरोबर खाली पाठवून दिला होता. त्या बाईंचं नाव मी आता मागवून घेतलं. सुमन.

दुसरं प्रतिज्ञापत्र काल दाखल केलं. तुला श्रीलक्ष्मीकडून प्रत मिळेलच, पण ते कसं झालं ते तिला माहीत नसेल.

मसुदा वरून तयार होऊन आला होता. गुळगुळीत होता. ‘महसुलात अनपेक्षित घट झाल्यामुळे’ अशी सुरुवात. मी साहेबांच्या खोलीत गेलो.

म्हटलं, “सर, ‘अनपेक्षित’ हा शब्द काढावा लागेल.”

“का?”

“अपेक्षित होती. आपण खालचा आकडा दिला होता. तो वाढवला गेला.”

साहेब वाईट माणूस नाहीत. थकलेले आहेत. म्हणाले, “सुधींद्र, एका शब्दानं काय होतं?”

“मग काढायला काय हरकत आहे, सर?”

साहेबांनी मसुदा बाजूला सारला. मग म्हणाले, “तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. बहिणीसाठी हे करताय?”

अक्का, त्या क्षणी मला भयंकर राग आला. तुझा नाही. त्यांचाही नाही. तीस वर्षं मी असल्या खोल्यांमध्ये ‘नको’ लिहून, वरून आलेल्या ‘होय’खाली सही करून, स्वतःला प्रामाणिक समजत घरी जात होतो, त्याचा. मी मोठ्याने बोललो. बाहेरचा शिपाई आत डोकावला. मी म्हणालो, “बहिणीसाठी नाही. दोन माणसं मेली आहेत आणि शपथ मी घेणार आहे. खोटी घ्यायची असेल तर दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या.”

दुसरा कुणी सही करायला तयार झाला नाही. शेवटी मी लिहिलेलंच प्रतिज्ञापत्र गेलं. निधी कधी उभारला, कधी उपसला, कशासाठी, आमचा अंदाज किती होता, जाहीर किती झाला, सगळं. आणि शेवटी एक परिच्छेद: कपातीचे आदेश काढताना जीवरक्षक सेवा वेगळ्या काढल्या नाहीत, त्या यादीत आहेत की नाहीत हे खाली सही करणाऱ्याने तपासले नाही.

आज सकाळी बदलीचा हुकूम आला. एका मंडळावर. तिथे टेबल आहे, फायली नाहीत.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. विठ्याची शपथ होती हे खरं, तरी तू मला सांगायला हवं होतंस असं अजून वाटतं. पण मी काय केलं असतं हे त्याला बरोबर कळलं होतं. त्याचा मला जास्त राग येतो.

सुधींद्र


मळमड्डी
२२ मार्च

चि. सुधींद्र,

हुकूम झाला. जीवरक्षक सेवांना सरसकट कपातीत धरायचं नाही. डायलिसिसला वेगळं शीर्ष द्यायचं आणि एका तिमाहीचा खर्च आगाऊ वेगळा ठेवायचा, ज्याला दुसऱ्या कशासाठी हात लावता येणार नाही. सोमवारपासून केंद्रात तीन पाळ्या. तुझं प्रतिज्ञापत्र सरकारी वकिलांनी कोर्टात वाचून दाखवलं. ‘तपासले नाही’ या शब्दांवर न्यायमूर्तींनी मान वर करून बघितलं. मी मागच्या बाकावर होते. अभिमान वाटला म्हणून लिहिणार नाही. जे जानेवारीत करायचं ते मार्चमध्ये केलंस. पण केलंस.

कोर्टातून थेट शांताकडे गेले. सगळं सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इष्टेना? एवढंच?” मला वाटलं होतं आम्ही जिंकलो. तिच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना.

मग म्हणाली, “तुमच्या भावाचा फोन आला होता, भेटायला येणार म्हणत होते. घरी नको. इथे येऊन रडतील आणि मला त्यांना पाणी द्यावं लागेल. केंद्रावर या म्हणावं. रविवारी. सगळे असतात. आमच्याकडे बघून सांगा म्हणावं, पैसे का नव्हते.”

मी निरोप पोचवला. यायचं की नाही ते तू बघ. आलास तर मी तिथे नसेन. माझ्याकडे बघून बोलू नयेस म्हणून.

हेमावती


बेंगळुरू
७ एप्रिल

ती. अक्का,

तू खरंच आली नाहीस. घरून रिक्षापर्यंतसुद्धा नाही. रविवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा जेवायला वाढलंस, पण काही विचारलं नाहीस. तोंडी सांगायला मलाही जमलं नसतं. म्हणून लिहितो.

पंचवीस-तीस माणसं होती. निम्मी मशीनला जोडलेली, बाकीचे नातेवाईक. मला बसायला कुणी खुर्ची दिली नाही. मी उभा राहून सांगायला लागलो: उत्पन्न म्हणजे काय, अंदाज कसा धरतात, राखीव निधी. एक म्हातारे गृहस्थ, तेच तुझे कंडक्टर असावेत, ओरडले, “भाषण नको! सरळ बोला!”

मग सरळ बोललो. म्हणालो, येणार नव्हते तेवढे पैसे येतील असं लिहिलं, कारण तेवढं वाटायचं आधीच कबूल केलं होतं. अडीअडचणीसाठी ठेवले होते ते आधीच्या वर्षी काढून खर्च केले. मग कमी पडले, तेव्हा तुमचे घेतले.

मथुरा पलंगावरूनच म्हणाली, “अंदाज चुकला तर अंदाज करणाऱ्याचं काय कमी होतं?”

म्हटलं, “काही नाही.”

त्यावर जो आरडाओरडा झाला, अक्का, तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. कन्नडमध्ये, मराठीत, जे तोंडाला येईल ते. एका बाईंनी माझ्या अंगावर हात उगारला, त्यांच्या मुलाने धरलं. टेक्निशियन म्हणत होता, सर, तुम्ही बाहेर चला. मी गेलो नाही.

शांतावहिनी पहिल्यापासून भिंतीपाशी उभ्या होत्या. विठ्या ज्या पलंगावर असायचा त्याच्याजवळ. त्या पुढे आल्या तेव्हा बाकीचे गप्प झाले.

“सही केलीत त्या दिवशी हे केंद्र त्यात आहे, माहीत होतं?”

“नव्हतं. बघितलं नव्हतं.”

“बघायचं होतं.”

“हो.”

तीस वर्षं मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून अर्थसंकल्पाची भाषणं ऐकली. शेवटी बाकं वाजतात, ती वाजली की आम्ही सुटलो असं समजतो. त्या खोलीत भाषण संपल्यावर फक्त मशीनांचा आवाज येत होता. मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “पुढचा हप्ता जुलैत ना? जुलैत या. आला की नाही ते इथे उभं राहून सांगा.”

मी म्हटलं, “वहिनी, माझी बदली झाली. ते आता माझ्या हातात नाही.”

“हातात आहे का, असं मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “या म्हटलं.”

जुलैचं तिकीट काढलं आहे.

सुधींद्र